हिरड्यांच्या आजारातले जिवाणू आणि त्यांची आकडेमोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या दंतमहाविद्यालयांतले एमडीएसचे (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी, लॅब टेक्निशियन आणि स्वतःच्या दवाखान्यातल्या नोंदींवरून काही निष्कर्ष काढू पाहणारे डेंटिस्ट नेहमी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. हिशोब समजावा म्हणून दिलेल्या उदाहरणांतले आकडे मानलेले आहेत, ते कुठल्याही सर्वेक्षणातून घेतलेले नाहीत.

कोणते जिवाणू मोजायचे, आणि तेच का?

१९९८ मध्ये सॉक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी १८५ जणांच्या तोंडातले १३,२६१ प्लाकचे (दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थराचे) नमुने तपासले. त्यात ४० प्रकारचे जिवाणू शोधले आणि कोण कोणाच्या संगतीने सापडतो, यावरून त्यांचे गट पाडून गटांना रंगांची नावं दिली. पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फॉरसिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला हे तिघं म्हणजे 'रेड कॉम्प्लेक्स'. पॉकेटची (दात आणि हिरडी यांच्यात पडलेल्या फटीची) खोली आणि प्रोब (ती खोली मोजायची बारीक सळई) फिरवल्यावर येणारं रक्त, या दोन्हींशी त्यांचं नातं सगळ्यांत घट्ट दिसलं. फ्यूसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम, प्रिव्होटेला इंटरमीडिया वगैरे मंडळी 'ऑरेंज'मध्ये गेली.

आजही बहुतेक थिसिस या यादीवरच चालतात, आणि त्यात चूक काही नाही. बजेट बेताचं असेल तर रेड कॉम्प्लेक्सचे तीन, फ्यूसोबॅक्टेरियम आणि एकूण जिवाणूंसाठी १६एसचा (सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचा) सामाईक प्रायमर (ते जनुक पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा), अशा पाच चाचण्या पुरतात. आमचा आग्रह सहाव्याचा असतो : स्ट्रेप्टोकोकस सँग्विनिससारखा, निरोगी हिरडीत जास्त आढळणारा एक तरी जिवाणू घ्या. फक्त आजाराच्या बाजूचे जिवाणू मोजले आणि सगळेच वाढलेले निघाले, तर आजारी पॉकेटमध्ये एकूण प्लाकच जास्त होता की जिवाणूंचं आपसातलं प्रमाण खरंच बदललं, हे सांगता येत नाही. पेशंट तरुण असेल आणि पहिली दाढ व पुढचे दात यांच्याभोवतीचं हाड झपाट्याने झिजत असेल, तर अ‍ॅग्रिगेटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकोमिटन्स, म्हणजे सगळे ज्याला 'एए' म्हणतात तो, यादीत हवाच.

कल्चर, पीसीआर की सिक्वेन्सिंग?

जिवाणू जिवंत आहे का आणि कोणत्या अँटिबायोटिकला दाद देतो, हे पाहायचं असेल तरच कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू लॅबमध्ये वाढवणं. ऑक्सिजन नसलेला जार लागतो. जिंजिव्हॅलिसला हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेलं ब्लड आगर लागतं आणि काळ्या वसाहती दिसायला आठवडा ते दोन आठवडे जातात. टॅनरेलाला एन-अ‍ॅसिटिल म्युरॅमिक अ‍ॅसिड वेगळं द्यावं लागतं, आणि ट्रेपोनेमाच्या मागे साध्या लॅबने लागूच नये. ठरलेले पाच-सहा जिवाणू मोजायचे असतील तर रिअल-टाइम पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए आवर्तनागणिक वाढवत मोजायची चाचणी. काय काय आहे ते धुंडाळायचं असेल तर १६एस सिक्वेन्सिंग, म्हणजे त्या जनुकाची रचना वाचून जिवाणू ओळखणं. बाना टेस्ट स्वस्त आणि झटपट होते, पण ती रेड कॉम्प्लेक्सच्या तिघांत असलेलं ट्रिप्सिनसारखं एन्झाइम पकडते. तिघांपैकी कोण, ते सांगत नाही. तिचा निकाल 'जिंजिव्हॅलिस पॉझिटिव्ह' म्हणून लिहू नका.

नमुना घेताना आकडे कुठे बिघडतात?

संख्याशास्त्रज्ञापर्यंत पोचायच्या आधीच निम्मा गोंधळ इथे झालेला असतो, म्हणून हे नीट वाचा.

आधी प्रोबिंग की आधी नमुना? आधी नमुना. प्रोब घातला की रक्त येतं, आणि पेपर पॉइंट (नमुना टिपणारी कागदाची बारीक काडी) रक्ताने भिजला की रक्तातला हीम पीसीआरला अडवतो. पण सगळ्यांत खोल पॉकेट कुठे आहे हे प्रोबिंगशिवाय कळणार कसं? म्हणून चार्टिंग (सगळ्या पॉकेटांची मापं लिहिणं) एका दिवशी करायचं आणि नमुना पुढच्या भेटीत, निदान दोन-चार दिवसांनी घ्यायचा. एकाच भेटीत सगळं उरकायचा मोह आवरा.

दाताभोवती कापसाचे रोल लावा, हिरडीच्या वरचा प्लाक निर्जंतुक बोळ्याने पुसून काढा आणि जागा हलक्या हवेने कोरडी करा. निर्जंतुक पेपर पॉइंट अडेपर्यंत आत सरकवा आणि ३० सेकंद ठेवा. कोणी १० सेकंद ठेवतात, कोणी २०. आकडा कोणताही ठरवा, पण पहिल्या पेशंटपासून शेवटच्यापर्यंत तोच ठेवा आणि मनात न मोजता घड्याळ लावा. वरचा प्लाक पुसला नाही तर पॉइंट आत जाताना तोच सोबत नेतो, आणि पॉकेटच्या नावाखाली भलत्याच जागेचा नमुना लॅबला जातो. रक्ताने लालभडक झालेला पॉइंट टाकून द्या आणि दुसरी जागा घ्या. ती जागा बदलल्याचं नोंदवायला मात्र विसरू नका.

पेपर पॉइंटला पॉकेटमधले सुटे तरंगणारे जिवाणू जास्त लागतात, तर क्युरेटने (खरवडायच्या हत्याराने) मुळाला चिकटलेला थर निघतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. अर्धे पेशंट पॉइंटने आणि पॉइंट संपले म्हणून उरलेले क्युरेटने, हे मात्र चालणार नाही. अशा माहितीत दिसलेला फरक जिवाणूंचा आहे की हत्याराचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

रक्तामुळे पीसीआर अडकला आहे का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. तोच डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा. सगळं ठीक असेल तर सीटी (डीएनए दिसायला लागेपर्यंतच्या पीसीआर आवर्तनांचा आकडा) साधारण ३.३ ने वाढला पाहिजे. जेमतेम दोननेच वाढला, तर मूळ नमुन्यात अडथळा होता आणि तिथला आकडा खऱ्यापेक्षा कमी आला आहे.

नमुने पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवायचे असतील तर?

डीएनएवरचं काम असेल तर पॉइंट टीई बफरमध्ये (डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात) बुडवून उणे २० अंशांवर ठेवा, आणि महिने काढायचे असतील तर उणे ८० वर. दवाखान्यातला 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रीज टाळा. बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून स्वतःला तापवतो, त्यात नमुने पुन्हा पुन्हा वितळतात. लाइट गेली तर किती वेळ गेली ते वहीत लिहा. सगळ्यांत महत्त्वाचं : आजारी आणि निरोगी गटांचे नमुने एकत्र मिसळून प्रत्येक खेपेला पाठवा. पहिल्या बॉक्समध्ये सगळे आजारी आणि दुसऱ्यात सगळे निरोगी गेले, तर वाटेत दुसऱ्या बॉक्सचा बर्फ वितळल्याचा परिणामसुद्धा 'निरोगी तोंडात जिवाणू कमी' असा छापून येईल.

४० पेशंट, प्रत्येकाच्या ४ जागा. म्हणजे नमुने १६० ना?

नळ्या १६०. पुरावा तेवढा नाही.

एकाच तोंडातल्या चारही जागांची लाळ एक, ब्रश करायची सवय एक, साखर एक, तंबाखू एक. एका जागी जिंजिव्हॅलिस सापडला की उरलेल्या तीन जागी तो सापडण्याची शक्यता आधीच वाढलेली असते. या सारखेपणाचं माप म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन. ते ०.४ धरलं आणि दर पेशंटमागे ४ जागा असल्या, तर डिझाइन इफेक्ट (या सारखेपणामुळे नमुन्यांची ताकद किती पट घटते ते) होतो १ + (४ − १) × ०.४ = २.२. आता १६० ला २.२ ने भागा, सुमारे ७३ येतात. म्हणजे तुमच्या १६० नळ्यांची ताकद ७३ स्वतंत्र नमुन्यांएवढी. १६० धरून टी-टेस्ट लावली की स्टँडर्ड एरर खोटा लहान होतो, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) खोटी लहान होते आणि नसलेला फरक 'सिग्निफिकंट' ठरतो. ओपीडीत पूर्ण चार्टिंग केलेल्यांचा तर प्रत्येक दाताच्या ६ जागा आणि २८ दात, असा दर माणशी १६८ ओळींचा तक्ता असतो. त्यावर साधी टेस्ट चालवली तर काहीही सिद्ध करता येतं.

मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे एका पेशंटचे चारही पॉइंट एकाच नळीत घालायचे. एक माणूस, एक आकडा, हिशोब सोपा, खर्च चौथाई. पण मग 'खोल पॉकेटमध्ये जास्त का' हा प्रश्न विचारता येत नाही. दुसरा, नळ्या वेगळ्या ठेवायच्या आणि दर पेशंटची सरासरी काढून त्यावर टेस्ट लावायची. तिसरा आणि आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मिक्स्ड मॉडेल, ज्यात पेशंट हा रँडम इफेक्ट असतो, म्हणजे प्रत्येक माणसाचा स्वतःचा कमी-जास्तपणा वेगळा धरला जातो, आणि पॉकेटची खोली, रक्तस्राव या गोष्टी जागेच्या पातळीवर राहतात. उत्तर हो-नाही असेल तर जीईई (एका पेशंटच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या धरणारी पद्धत) चालतं, फक्त पेशंट चाळीसच्या खाली गेले की त्याचे स्टँडर्ड एरर भरवशाचे राहत नाहीत.

एकाच तोंडातली आजारी जागा विरुद्ध निरोगी जागा, अशी तुलना असेल तर हाच सारखेपणा उलट मदतीला येतो, कारण माणूस स्वतःचाच कंट्रोल होतो. तिथे जोडीची टेस्ट लावायची. समजा ४० पेशंटांपैकी १८ जणांच्या दोन्ही जागी जिवाणू आहे, ५ जणांच्या कुठेच नाही, १४ जणांच्या फक्त आजारी जागी आणि ३ जणांच्या फक्त निरोगी जागी आहे. मॅकनेमार टेस्ट १८ आणि ५ कडे बघतही नाही, तिचा सगळा हिशोब १४ विरुद्ध ३ वर चालतो. एक्झॅक्ट पद्धतीने पी सुमारे ०.०१३ येतो. 'माझे ४० पेशंट' असं म्हणणाऱ्याने लक्षात घ्यावं की इथे बोलणारे १७ च आहेत.

एक्सेल शीट कशी मांडायची?

एका जागेची एक ओळ. रकाने असे : पेशंटचा कोड, दाताचा एफडीआय नंबर (दातांचा आंतरराष्ट्रीय दोनआकडी क्रमांक), जागा, पॉकेटची खोली, हिरडी किती खाली सरकली, रक्तस्राव, नमुन्याची तारीख, घेणाऱ्याचा कोड, पीसीआर प्लेटचा नंबर, मग प्रत्येक जिवाणूचा सीटी आणि कॉपी (जनुकाच्या प्रती). पेशंटचं नाव या शीटमध्ये नकोच. सेल मर्ज करू नका, आणि 'पिवळे म्हणजे मधुमेहाचे' असली रंगाची खूण करू नका, कारण सॉफ्टवेअरला रंग दिसत नाही. मधुमेहाला स्वतंत्र रकाना द्या. 'आढळला नाही' आणि 'नमुना वाया गेला' यांना वेगळे कोड हवेत. दोन्हीकडे रिकामा सेल सोडला की सहा महिन्यांनी तुम्हालाच त्यातला फरक आठवणार नाही.

किती पेशंट लागतील?

गाईड म्हणतात ३०, म्हणून ३०, हे उत्तर एथिक्स कमिटीपुढे टिकत नाही. आकडा तुम्ही किती मोठा फरक शोधताय त्यावर ठरतो. आजारी गटात ८० टक्के आणि निरोगी गटात ४० टक्के जणांकडे जिवाणू सापडेल अशी अपेक्षा असेल, तर ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवरला (असलेला फरक सापडण्याच्या शक्यतेला) दर गटात २० पेशंट येतात. अपेक्षा ७० विरुद्ध ५० असेल तर दर गटात ९१. फरक अर्धा झाला की पेशंट चौपटीहून जास्त वाढले. हा अंदाज एक माणूस, एक नमुना धरून आहे. गळतीसाठी १० ते १५ टक्के वर ठेवा. पेशंट एकेका गावातल्या शिबिरातून येणार असतील, तर गावाचाही डिझाइन इफेक्ट लागतो. शिरोळमधल्या एकाच गावचे ५० जण म्हणजे कोल्हापूर जिल्हा नव्हे.

पीसीआरमध्ये आढळला नाही, तर शून्य लिहू?

नको. समजा तुमच्या रिअ‍ॅक्शनमध्ये १० कॉपींच्या खालचं दिसत नाही. डीएनए ५० मायक्रोलिटरमध्ये काढला आणि त्यातले २ मायक्रोलिटर वापरले, म्हणजे पंचविसावा भाग. मग पूर्ण नमुन्यातली मर्यादा २५० कॉपी झाली. जिंजिव्हॅलिसच्या एका पेशीत १६एस जनुकाच्या ४ प्रती असतात, तेव्हा ६० च्या आसपास पेशींच्या खाली तुम्हाला काही दिसत नाही. 'नाही'चा खरा अर्थ 'साठाहून कमी' एवढाच.

अशा नोंदी थोड्या असतील, दहा टक्क्यांपर्यंत, तर मर्यादेला √२ ने भागून येणारा आकडा घालायची पद्धत चालून जाते. निरोगी गटात निम्म्या नळ्या 'नाही' निघाल्या, जे नेहमीच घडतं, तर भरलेला आकडाच निकाल ठरवायला लागतो. अशा वेळी हिशोबाचे दोन भाग करा : आधी आहे की नाही याचं लॉजिस्टिक मॉडेल, मग ज्यांच्यात आहे त्यांच्यात किती, याचं वेगळं. मर्यादेखालच्या नोंदी सेन्सर्ड (नेमका आकडा माहीत नाही, पण मर्यादेहून कमी) धरणारं टोबिट मॉडेलही चालतं.

स्टँडर्ड कर्व्हचा (माहीत असलेल्या कॉपींवरून सीटीची रेघ आखतात तिचा) उतार रिपोर्टमध्ये द्या. −३.३२ म्हणजे १०० टक्के एफिशियन्सी (दर आवर्तनाला डीएनए बरोबर दुप्पट), −३.६ ते −३.१ पर्यंत ठीक. प्लेटगणिक उतार बदलत असेल तर प्लेट नंबर मॉडेलमध्ये घ्यावा लागतो.

सरासरी इतकी अवाढव्य का येते?

कारण जिवाणू पटीत वाढतात. पाच पेशंटांचे आकडे १००, १,०००, १,०००, १०,००० आणि १०,००,००० असे समजा. साधी सरासरी २,०२,४२०. पाचांपैकी चौघं तिच्या आसपासही नाहीत, एकट्या शेवटच्याने ती ओढून नेली. लॉग घ्या : २, ३, ३, ४, ६. सरासरी ३.६, म्हणजे परत उलटवल्यावर साधारण ३,९८०. हा जॉमेट्रिक मीन. तक्त्यात तो किंवा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) द्या, आणि 'सरासरी ± एसडी' (एसडी म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याचं माप) तर मूळ आकड्यांवर कधीच देऊ नका. एसडी सरासरीपेक्षा मोठी निघते आणि जिवाणूंची संख्या उणे होऊ शकते असं तक्ता सांगू लागतो.

टक्केवारी द्यायची की संख्या?

शक्य असेल तर दोन्ही. स्केलिंगनंतरच्या (दात खरवडून साफ केल्यानंतरच्या) अभ्यासात टक्केवारी हमखास दगा देते. उपचाराआधी पॉकेटमध्ये एकूण १ कोटी जिवाणू, त्यातले जिंजिव्हॅलिस १ लाख, म्हणजे १ टक्का. स्केलिंगनंतर एकूण १० लाख उरले आणि जिंजिव्हॅलिस १ लाखच राहिला, तर टक्का १० झाला. संख्या जिथल्या तिथे, आणि टक्केवारी वाचणारा म्हणणार, उपचाराने जिवाणू दहापट वाढला!

सिक्वेन्सिंगमधून तर मुळात टक्केवारीच मिळते. सगळ्यांची बेरीज १०० असल्यामुळे एक वाढला की दुसरा कमी झालेला दिसणारच. कार्ल पिअरसनने १८९७ मध्येच दाखवून दिलं होतं की अशा गुणोत्तरांमध्ये नसलेलं कोरिलेशन उगवतं. म्हणून सीएलआर रूपांतर (प्रत्येक हिश्श्याला सगळ्यांच्या जॉमेट्रिक मीनने भागून लॉग घेणं) करून मग पुढे जा किंवा अ‍ॅनकॉम-बीसीसारखी, अशा टक्केवारीसाठीच बनवलेली पद्धत वापरा. सोबत पीसीआरने एकूण जिवाणू मोजले असतील तर टक्केवारीवरून संख्येवर येता येतं. वर सांगितलेला सामाईक प्रायमर इथे कामी येतो.

ऑड्स रेशो ६ आला. म्हणजे जिवाणू असलेल्यांना आजाराचा धोका सहापट?

नाही, आणि ही चूक थिसिसपेक्षा वर्तमानपत्रात जास्त दिसते. आजारी ३० पैकी २४ जणांकडे जिवाणू, निरोगी ३० पैकी १२ जणांकडे. ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या 'आहे विरुद्ध नाही' या गुणोत्तरांचं गुणोत्तर : (२४ × १८) ÷ (६ × १२) = ६. पण ८० टक्के आणि ४० टक्के यांचं गुणोत्तर २ च आहे. जिवाणू जितका सर्रास सापडणारा, तितका ऑड्स रेशो फुगतो. शिवाय ३०-३० पेशंट तुम्ही ठरवून घेतलेत, त्यामुळे अशा अभ्यासातून धोका काढताच येत नाही. ऑड्स रेशो लिहा, सोबत ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या आणि 'पट धोका' हे शब्द वापरू नका.

१० जिवाणू तपासले, ६ चा पी ०.०५ च्या खाली. सहाही छापू का?

पी लहान ते मोठे लावा : ०.००१, ०.००४, ०.०१२, ०.०१८, ०.०४१, ०.०४९, पुढचे मोठे. अनेक चाचण्या एकदम केल्यावर खोट्या निकालांना आळा घालणारी बेंजामिनी-हॉकबर्गची १९९५ ची पद्धत सांगते की पहिल्याची मर्यादा ०.००५, दुसऱ्याची ०.०१०, तिसऱ्याची ०.०१५, चौथ्याची ०.०२०, पाचव्याची ०.०२५, सहाव्याची ०.०३०. पहिले चार बसतात. पाचवा आणि सहावा गळतात. बॉनफेरोनीने सगळ्यांना ०.००५ ची एकच मर्यादा, मग दोनच उरतात. चाळीस जिवाणू तपासले आणि खरा फरक एकाचाही नसला, तरी ०.०५ च्या खाली सरासरी दोन येणारच. न आलेल्या जिवाणूंचे पी सुद्धा तक्त्यात द्या.

तंबाखूची नोंद कशी घ्यायची?

'तंबाखू खाता का?' असं विचारलं की मिश्री लावणारी बाई 'नाही' म्हणते, कारण ती खात नाही, दाताला लावते. तिला 'मावशी, सकाळी दाताला मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?' असं विचारा. मावा, गुटखा, विडी, सिगारेट यांचे प्रश्न वेगळे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे सोबत आलेल्या नातेवाइकांसमोर आणि फॉर्म हातात धरून विचारलं तर उत्तर खरं मिळेलच असं नाही.

हे इतकं ताणायचं कारण असं की २०१७ च्या नव्या वर्गीकरणात आजाराची ग्रेड (तो किती वेगाने वाढेल त्याची पातळी) ठरवताना तंबाखूपैकी फक्त सिगारेटी मोजल्या जातात, दिवसाला १० किंवा जास्त असल्या की ग्रेड सी. मिश्रीला तिथे रकाना नाही. ग्रेडमध्ये तंबाखू आलाच आहे असं समजून मॉडेलमधून तो वगळला, तर आपल्याकडच्या पेशंटांचा मोठा परिणाम हिशोबाबाहेर राहतो. दुसरं म्हणजे धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं. फक्त रक्तस्रावावरून 'निरोगी' गट निवडला तर त्यात विडी ओढणारे आजारी लोक शिरतात. गट अटॅचमेंट लॉसवरून (दाताचा आधार किती सुटला त्यावरून) पाडा : दातांमधल्या फटीत १–२ मिमी स्टेज १, ३–४ मिमी स्टेज २, ५ मिमी आणि पुढे स्टेज ३ किंवा ४.

मधुमेहासाठी तोंडी उत्तर न घेता एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी रक्तचाचणी) घ्या. गेल्या ३ महिन्यांत अँटिबायोटिक किंवा गेल्या ६ महिन्यांत स्केलिंग झालं असेल तर पेशंट अभ्यासाबाहेर. वय मात्र वर्षांतच ठेवा. '४० च्या वर-खाली' असे दोन तुकडे करून माहिती वाया घालवू नका.

स्केलिंगनंतर ३ महिन्यांनी सगळं सुधारलेलं दिसतं. पुरेसं आहे का?

कंट्रोल गट नसेल तर नाही. सगळ्यांत खोल पॉकेट निवडून सुरुवात केली की दुसऱ्या मापात ती सरासरीकडे सरकतातच, कारण निवडताना मापातली चूक त्याच बाजूला पडलेली असते. हाताने प्रोबिंग करताना १ मिमीचा फरक सहज पडतो. त्यामुळे सुधारणेतला काही भाग निव्वळ निवडीचा असतो. दोन गटांची तुलना करताना 'आधी वजा नंतर' काढण्यापेक्षा नंतरचं माप हे उत्तर आणि आधीचं माप हे कोव्हेरिएट (सोबत हिशोबात घेतलेला आकडा) धरून अ‍ॅनकोव्हा लावा. मोजणाऱ्याचं कॅलिब्रेशन अभ्यास सुरू व्हायच्या आधी करा, दाब सुमारे ०.२५ न्यूटन. आणि कोणाला कोणता उपचार मिळाला, हे मोजणाऱ्याला माहीत नसावं.

इथली खास अडचण म्हणजे परत न येणारे पेशंट. गळीत हंगामात बीडकडून आलेले ऊसतोड कामगार पट्टा पडला (हंगाम संपला) की गावी जातात. जानेवारीत घेतलेल्या पेशंटची ३ महिन्यांची भेट एप्रिलमध्ये येते, तेव्हा फडात कोणी नसतं. त्यांची कष्टाची दिनचर्या, तंबाखू, ब्रशची सोय, सगळं शहरातल्या पेशंटहून वेगळं असतं. त्यांना गाळून उरलेल्यांवर हिशोब केला तर निकाल शहराचा येतो आणि नाव जिल्ह्याचं लागतं. नोंदणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा किंवा फेरतपासणी ६ आठवड्यांवर आणा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पाणी आलं की २०१९ आणि २०२१ सारखे रस्तेच बंद होतात, त्या काळातल्या भेटींना आधीच दोन आठवड्यांची मोकळीक ठेवा. गळालेल्यांचं सुरुवातीचं माप आणि टिकलेल्यांचं सुरुवातीचं माप शेजारी शेजारी छापा.

आजारी हिरडीत जिवाणूंची विविधता जास्त निघाली. काही चुकलं का?

बहुधा नाही. आतड्यात विविधता घटली की काळजी, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हिरडीखाली बरेचदा उलटं घडतं. पॉकेट खोल झालं की ऑक्सिजन कमी, रक्तातून झिरपणारं अन्न जास्त, आणि नवे भाडेकरू येतात. कोरा पेपर पॉइंट आणि कोरी एक्स्ट्रॅक्शन नळी मात्र सोबत चालवलेली असली पाहिजे. निरोगी जागी मुळात जिवाणू थोडे, म्हणून तिथे रसायनांतली भेसळ जास्त दिसते.

जिवाणू जास्त सापडले म्हणजे त्यांनीच आजार केला ना?

एका वेळी घेतलेल्या नमुन्यांवरून ते सांगता येत नाही. पॉकेट खोल झालं म्हणून ऑक्सिजन नको असलेले जिवाणू तिथे राहायला आले, हेही तितकंच शक्य आहे. प्लाकचं म्हणाल तर १९६५ मध्ये लोए आणि सहकाऱ्यांनी १२ जणांचं दात घासणं थांबवून पाहिलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या. तो पुरावा क्रमाचा आहे, आणि हिरडी सुजण्याचा आहे, हाड झिजण्याचा नाही. एकेकट्या जिवाणूचं कोडं अवघड आहे. २०११ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात जिंजिव्हॅलिस एकूण जिवाणूंच्या ०.०१ टक्क्यांहूनही कमी होता, तरी बाकीच्यांची वाढ बदलून त्याने हाड झिजवलं. म्हणजे जो फार थोडा आहे तो निरुपद्रवी, असंही धरता येत नाही. '१ टक्क्याच्या खालचे सगळे वगळले' असा फिल्टर लावणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

पेशंट म्हणतो, 'डॉक्टर, माझीपण ती जिवाणूंची टेस्ट करा.' करावी का?

वरच्या ऑड्स रेशोच्याच उदाहरणातली टेस्ट घेऊ : आजारी ३० पैकी २४ पकडते, म्हणजे सेन्सिटिव्हिटी ८० टक्के. निरोगी ३० पैकी १८ ना बरोबर सोडते, स्पेसिफिसिटी ६० टक्के. गावातल्या शिबिरात १०० पैकी २० जणांना आजार असेल तर टेस्ट १६ खऱ्या आजाऱ्यांना पॉझिटिव्ह देईल आणि ८० निरोग्यांपैकी ३२ जणांनाही. पॉझिटिव्ह आलेल्या ४८ पैकी आजारी १६, म्हणजे तिघांत एक. तीच टेस्ट दंतमहाविद्यालयाच्या ओपीडीत, जिथे १०० पैकी ६० आजारी आहेत, तिथे ६४ पॉझिटिव्हपैकी ४८ खरे, म्हणजे चौघांत तीन. टेस्ट एकच, पण माणसं बदलली की तिच्या उत्तराची किंमत बदलते.

आणि ओपीडीत प्रोब हातात असतोच. पॉकेट किती, रक्त येतं का, हाड किती गेलंय, हे प्रोब आणि एक्स-रे सांगतात आणि स्केलिंगचा निर्णय त्यावरच होतो. रेड कॉम्प्लेक्स पॉझिटिव्ह आला म्हणून नुसतं अँटिबायोटिक लिहून देऊ नका, प्लाक जागच्या जागी असताना गोळीचा फारसा उपयोग होत नाही. व्यवस्थित स्केलिंग आणि रूट प्लेनिंग (मुळांचा पृष्ठभाग साफ, गुळगुळीत करणं) होऊनही पॉकेट भरत नसेल, पेशंट ब्रश नीट करत असेल, साखर ताब्यात असेल, तेव्हा टेस्टचा विचार करा. पैसे घेण्याआधी पेशंटला सांगा की रिपोर्ट काहीही आला तरी साफसफाई चुकणार नाही.